रूपवतीचं गोडं पाणी

१

माझं कुणी खरं मानलं नाही. माझा नवरा दादू त्या दिवशी प्यायलेला नव्हता, हे मी धक्क्यावर उभी राहून घसा फोडून सांगितलं, तेव्हा मानलं नाही. पुढे दोन वर्षांनी घरातलं पाणी खारं लागतंय म्हटलं, तेव्हा तर हसलेच. बाई नवऱ्यामागे खुळी झाली, म्हणाले. मी चौथीपर्यंत शिकलेली आहे आणि खुळी नाही. उभा जन्म मासळी खारवण्यात गेला माझा. खारं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवू नये.

आमची आळी तारापूरच्या खाडीकडेची. सगळ्या आळीला एकच गोड्या पाण्याची विहीर. सकाळी उठून मी चूल पेटवायची, हंडा राखेने लख्ख घासायची, विहिरीवर जाऊन भरून आणायची आणि चुलीशेजारच्या तिवईवर ठेवायची. हंडा पितळेचा, मोठ्या पोटाचा, माझ्या लग्नातला. त्यात तोंड दिसायचं.

शिमगा होऊन गेला होता. त्या सकाळी हंडा ठेवला, तांब्या बुडवला, घोट घेतला आणि थुंकले. खारं. थोडंथोडकं मचूळ असतं उन्हाळ्यात, तसलं नाही. खाडीचं असतं तसं, जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारं.

वाटलं, हाताला मीठ असेल. हात धुतले, तांब्या घासला, परत प्यायले. तेच. सगळं पाणी परसात ओतलं आणि दुसरा हंडा आणला. विहिरीवर ओंजळीने पिऊन पाहिलं तर साखरेसारखं. घरी आणून तिवईवर ठेवलं आणि प्यायले तर खारं.

२

शेजारच्या खोलीत भाडेकरू होती, मैनाबाई. नगरकडची. नवरा नवीन वीजघराच्या बांधकामावर मिस्त्री. या बाईला आमच्या गावच्या भानगडींशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणून आधी तिलाच बोलावलं.

"पिऊन बघा जरा."

ती प्यायली. पूर्ण तांब्या प्यायली.

"काय लागतंय?"

"पाणी लागतंय की चंद्राबाई. दुसरं काय लागणार?"

"खारं नाही?"

"छे. आमच्याकडं असलं पाणी मिळालं तर लोक देव्हाऱ्यात ठेवतील."

माझी मुलगी शकू, तेव्हा सतरा-अठराची, तीही प्यायली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी काही बोलण्याआधीच म्हणाली, "आये, तुला ताप हाय का?"

संध्याकाळी महादू आला. महादू म्हणजे माझा धाकटा दीर. लग्न केलं नव्हतं. झोपायला धक्क्यावरच्या छपरात, पण दादू गेल्यापासून माझ्या घराचा भार त्यानेच उचलला होता. कौलं तोच शाकारायचा, शकूला चिंचणीच्या जत्रेतून रिबिनी आणायचा, मासळी आणून ओट्यावर टाकायचा. उंबऱ्याच्या आत मात्र फारसा बसायचा नाही.

"महादू, घोटभर पाणी पी आणि सांग मला."

"पानी बेडूक पितो, वयनी," तो हसून म्हणाला. "मी मानूस हाय. मी ताडी पितो."

"थट्टा नको. खारं लागतंय मला."

त्याचं हसू तसंच राहिलं, पण पाय मागे सरले. "हंडा जुना झाला. कल्हईवाला आला की दे त्याला." आणि पायऱ्या उतरून गेला.

पितळेच्या हंड्याला कल्हई नसली तर पाणी कळकेल, खारं होणार नाही, हे मला समजतं. पण मी तेव्हा त्याच्या बोलण्याचाच आधार घेतला. कल्हई करून घेतली. पाणी खारंच.

३

आता रूपवतीचं सांगितलं पाहिजे. पोरांना वाटतं, इथे पहिल्यापासून एस.टी. होती.

माझ्या सासऱ्याच्या काळी मुंबईच्या एका पेढीने ही आगबोट आणली. बुटकी, रुंद, मधे काळं धुराडं, पोटात बंब. दगडी कोळशावर चालायची. भरती चढली की धक्क्यावरून निघायची, तिवरांच्या मधून खाडीने आत जायची, वरच्या गावांना माणसं उतरवायची आणि भरती उतरायच्या आत परत. आत जाताना मीठ आणि सुकी मासळी, येताना गवताच्या पेंढ्या, भात, लाकूड. वऱ्हाडं जायची तिच्यातून. मी नवरी म्हणून त्याच बोटीने आले. वरच्या धक्क्यावरून बैलगाडीने बोईसर स्टेशन गाठता यायचं. पावसाळ्यात रस्ता म्हणून दुसरं काही नव्हतंच.

तिची वेळ घड्याळाची नव्हती, पाण्याची होती. रोज पुढे सरकणारी. भोंगा झाला की आम्ही बायका समजायचो, भरती आली, वाळत घातलेली मासळी किनाऱ्यावरून वर घ्या. तिथी विसरायला झाली तर भोंग्यावरून मोजायचो.

दादू तिच्यावर आगवाला. कोळसा घालायचा आणि बंबातल्या पाण्यावर नजर ठेवायची. बंबाला बाहेरून कांचेची उभी नळी होती, तीत पाणी किती ते दिसायचं. पाणी खाली गेलं तर बंब तापून फुटतो. दादूचं काम म्हणजे त्या नळीकडे बघणं. बघायचा आणि तर्जनीच्या नखाने तिच्यावर टिचकी मारायचा. टिक. थांबायचं. टिक टिक. फेस असला तर खाली बसतो आणि खरं पाणी कळतं, म्हणायचा. ती सवय त्याने घरात आणली. चहाच्या कपाला टिचकी, तांब्याला टिचकी, हंड्याला टिचकी.

"हंडा काय बंब हाय?" मी म्हणायची.

"बघून घ्यावं," तो म्हणायचा. "बंबाला गोडंच पाणी लागते, चंद्रा. खारं घातलं तर दुधासारखं उतू येते. मग नुसत्या फेसानं भरलेली दिसते, कांच खोटं बोलते."

हे त्याने मला शंभरदा सांगितलं असेल. बायका अशी बोलणी कानाआड करतात. मीही केली.

बोटीच्या टाकीत गोडं पाणी भरायचं काम महादूचं होतं. खांद्यावर कावड, दोन्हीकडे डबे, विहिरीवरून धक्क्यावर दिवसभर खेपा. आळीतली पोरं त्याला आगबोटीचा पाणक्या म्हणून चिडवायची, आणि तो त्यांच्या अंगावर पाणी उडवायचा.

४

वीजघराचं काम निघालं तसा रस्ता झाला. ट्रक आले, मग एस.टी. आली. रूपवतीला माणसं मिळेनात. सारंग धर्माजी, म्हणजे बोट हाकणारा, म्हातारा पण हट्टी. एस.टी.च्या आधी पोचायचं म्हणून खाली ओरडायचा, "आग घाल, दादू, आग घाल."

चौसष्टच्या उन्हाळ्यात, भर सकाळी, परतीच्या वाटेवर खाडीच्या वळणाला बंब फुटला. मी धक्क्यावर मासळी उलटत होते. आवाज ऐकला नाही म्हणावं तर खोटं, ऐकला म्हणावं तर तेही पुरतं खरं नाही. पायाखालचे दगड हलले आणि सगळे बगळे एकदम उडाले. मग वळणाच्या मागून पांढरी वाफ वर आली, कापूस पिंजल्यासारखी. कितीतरी वेळ वर येत राहिली.

आळीतली आणि वरच्या गावातली मिळून कितीतरी माणसं गेली. माझी शेजारीण भागी, तिचा सख्खा भाऊ गेला. धर्माजी पुढच्या टोकाला होता, तो वाचला. महादू टाकी भरून देऊन धक्क्यावरच राहिला होता. दादू सापडलाच नाही.

चौकशीला साहेब आले. म्हणाले, बंबात पाणी नव्हतं. पाण्यावर नजर ठेवायचं काम कुणाचं? आगवाल्याचं. मग तो झोपला असेल, नाही तर प्यायला असेल. एवढ्यावर सगळं मिटलं.

आमच्या बंदरावर चाल आहे. नारळी पुनवेला देवाचा नारळ सोडायच्या आधी, पाण्याने नेलेल्या एकेका माणसाचं नाव घेऊन त्याचा नारळ सोडायचा. ज्याच्या हाताने बोट बुडाली, त्याला नारळ नाही. त्याचं नाव घेऊन सगळे पाठ फिरवतात. दोन वर्षं माझ्या दादूच्या नावाला बंदर पाठ फिरवत होतं आणि मी एकटी तोंड करून उभी असायचे.

भागी माझ्या हातचं पाणी घेईना. शकूची ठरलेली सोयरीक मोडली. माणसं बुडवणाऱ्याची पोर कोण घरात घेणार? मी धर्माजीला रस्त्यात गाठून शिव्या द्यायचे. आग याने मागितली, घाई याने केली आणि मेलेल्याच्या माथी मारली, असं मला वाटायचं.

५

पाणी खारं झाल्यावर दुसरी गोष्ट सुरू झाली.

दुपारी जेवणं उरकली की मी ओटीवर जरा पडायची. शकू मैनाबाईकडे शिवण शिकायला जायची. घरात कुणी नाही. ऊन कौलांवर. एकदा अशीच पडले होते आणि आतून आवाज आला.

टिक.

थांबला.

टिक टिक.

मी उठले नाही. पितळ तापलं की वाजतं, म्हटलं. पण चूल विझली होती आणि हंडा सावलीत होता. पाल असेल, म्हटलं. चिमणी चोच मारत असेल. आपलं रूप दिसलं की मारतात चिमण्या. असं एकेक ठरवत पडून राहिले, आणि माझ्याच लक्षात आलं की मी श्वास धरून ठेवलाय, कारण आणखी एक टिचकी राहिली होती. दादू शेवटी एक मारायचा. समाधान झालं की.

ती आली नाही.

आत गेले. कुणी नव्हतं. हंड्यावर, जिथपर्यंत पाणी होतं बरोबर तिथे, बोटभर काळं लागलं होतं. पुसलं. काजळीसारखं होतं, पण आमच्या लाकडाची काजळी मऊ असते, ही खरखरीत. बोटांवर चोळली तर चमकली. दगडी कोळसा आमच्या आळीत कुणाच्या चुलीत नाही.

मी रडले नाही. हंड्यापाशी बसून म्हणाले, "तू हायस तर नीट सांग. टिचक्या मारून मला काय कळायचं?"

मग रोज. रोज दुपारी, आणि रोज ती शेवटची टिचकी राहिलेली. सांगते, भीती त्याच्या येण्याची नव्हती वाटत. नवराच माझा तो. त्याचं समाधान होत नव्हतं, त्याची भीती वाटायची.

६

वैशाखातली अष्टमी. अष्टमीला भर दुपारी ओहोटी असते, खाडीत नुसता गाळ. बगळे चालत इकडून तिकडे जातात.

आणि भोंगा झाला.

लांब, शेवटी चिरकणारा. रूपवतीचाच. हात सवयीने उठला, मासळी वर घ्यायला. मग मी खाडीकडे पाहिलं. पाणी कुठेच नव्हतं.

धक्क्याच्या पलीकडे रूपवतीचा सांगाडा गाळात कलंडून पडला होता. वळणावरून ओढून आणून टाकला होता पेढीने. धुराडं नाही, बंब चौकशीवाल्यांनी नेला, भोंगा भंगारात गेला. फक्त पाण्याची लोखंडी टाकी राहिली होती, गंजून चाळणी झालेली. तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसायचं.

धर्माजी धक्क्यावर जाळं शिवत बसला होता.

"ऐकलंस, बाबा?"

"काय?"

"भोंगा."

"कुठला भोंगा? वीजघराचा असेल."

पण सुई त्याच्या हातात थांबली होती आणि नजर गाळाकडे होती. मला चेव आला.

"तुझ्यासाठी वाजतोय तो. आग घाल, आग घाल करून माझा माणूस खाल्लास तू."

त्याने जाळं मांडीवरून खाली ठेवलं. एरवी तो उलट शिव्या द्यायचा. त्या दिवशी हळू बोलला.

"आग मी मागितली, चंद्रे. नाय म्हनत नाय. पन आगीनं बंब फुटत नाय, पानी असलं तर. मी वरून हाक दिली व्हती, दादू, पानी हाय का? खालून त्यानं सांगितलं, कांच भरलेली हाय. त्याचा आवाज खात्रीचा नव्हता. कायतरी बघतोय असा. टिचक्या मारत व्हता, मला वर ऐकू येत व्हत्या. मग पुना म्हनाला, भरलेली दिसते. दिसते, म्हनाला."

"हे चौकशीत का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. साहेब म्हनाले, कांच भरलेली असून बंब रिकामा कसा? मला काय उत्तर व्हतं?"

उत्तर मला ठाऊक होतं. मला शंभरदा सांगितलेलं होतं. पण ते त्या क्षणी वर आलं नाही, जिभेच्या मुळाशी बसून राहिलं, खारं.

७

दोनच दिवसांनी, दशमीला, सातपाटीहून शकूला बघायला माणसं आली. मुलाचा बाप एकनाथ, आणि त्याच्या घरचे दोघे-तिघे. दादूचं सगळं ऐकून आलेले. एकनाथ बसताक्षणीच म्हणाला, "आमी पोर बघायला आलोय. बोट बघायला नाय." मला तो माणूस आवडला.

आमच्यात सोयरीक जुळली की दोन्ही बाप एका तांब्यातलं पाणी पितात. मुलीचा बाप नसेल तर काका. महादू नवा सदरा घालून आला होता. बोलणी झाली, हसणं झालं. शकू आत उभी राहून दाराच्या फटीतून बघत होती. मी हंड्यातून तांब्या भरला. मला ते खारंच लागणार होतं, पण मैनाबाई म्हणाली तसं पाहुण्यांना गोडं लागेल, असा जिवाला धीर दिला.

एकनाथ प्यायला. मिशा पुसल्या. "ग्वाड पानी हाय तुमचं," म्हणाला आणि तांब्या महादूपुढे केला.

"ताडी मागवू का त्यापेक्षा?" महादू म्हणाला. "पानी बेडूक..."

"सोयरीक ताडीवर करता काय तुमी?" एकनाथ हसला. "घ्या, काका. पोरीच्या बापाच्या जागेवर हायत तुमी."

महादूने तांब्या घेतला. तो माझ्याकडे बघत नव्हता. तेव्हा मला एकदम दिसलं की या दोन वर्षांत मी त्याला माझ्या घरात पाण्याचा थेंब घेताना पाहिलेलं नाही. चहाही ओट्यावर, मैनाबाईच्या हातचा.

त्याने घोट घेतला.

घोट तोंडातच राहिला. डोळ्यांत पाणी आलं. मग सगळं बाहेर आलं, नव्या सदऱ्यावर, एकनाथच्या पायांवर. तो ओकतच राहिला. एका घोटाचं पाणी किती ते, पण जमिनीवर ओघळ उंबऱ्यापर्यंत गेला, आणि त्याला गाळाचा वास होता.

कुणी काही बोलायच्या आधी आतून आवाज आला.

टिक. टिक टिक.

पाहुण्यांनी ऐकलं नाही, मी त्यांची तोंडं पाहिली. महादूने ऐकलं. त्याने मान वळवून चुलीकडे पाहिलं. "दादा," म्हणाला. लहान पोरासारखं. "दादा, बघू नको रे."

मीही पाहिलं. तिवईपाशी कुणी नव्हतं. पण हंड्याच्या पोटात खोली दिसत होती, वाकडी, दार, माणसं, मी. आणि त्यात हंड्याच्या अगदी जवळ एक पाठ दिसत होती. उघडी, कोळशाने काळी, वाकलेली. मान पुढे काढून बघणारी. आपण कामात चुकलो तर नाही, हे परत परत बघणाऱ्या माणसाची पाठ.

तोंड दिसलं नाही. बरं झालं. तोंड दिसलं असतं तर आज लिहायला राहिले नसते.

८

पाहुणे निरोप न घेता उठले. शकूने आतली कडी लावून घेतली. महादू भिंतीला टेकून बसला होता.

"त्या दिवशी टाकीत काय भरलंस?" मी विचारलं.

त्याने लपवायचा प्रयत्न केला नाही. विचारायचीच वाट बघत होता, असं वाटलं.

"त्या साली विहिरीनं तळ गाठला व्हता, वयनी. तुला आठवते. बाया मारामाऱ्या करत व्हत्या. बोटीचं पानी पयलं, असा पेढीचा हुकूम. मी कावड घेऊन चाललो तर भागी आडवी आली. पोर खांद्यावर, तापानं भाजत व्हतं. ओठ फुटलेले. दोन डबे तिला दिले. मग दुसरी आली. मग सगळी आळी आली भांडी घेऊन. कोनाला नाय म्हनू?"

"आणि टाकीत?"

"खाडीचं. बोटीची एकच खेप, म्हटलं. एका खेपेनं काय व्हते?"

"दादूला सांगितलंस?"

त्याने सदऱ्याची ओली कड पिळली.

"त्यानं इचारलं. भरली का रे? मी म्हटलं, भरली."

त्याने ते दोन शब्द असे म्हटले की माझा उठलेला हात खाली आला. मी त्याला मारणार होते. सांगते सरळ, चुलीतलं लाकूड हातात होतं. पण ते पाणी मीही प्यायले होते त्या दिवशी. महादूने माझ्या दारातही डबा ठेवला होता, आणि मी म्हणाले होते, देव भलं करो तुझं.

"कांच खोटं बोलली रे त्याच्याशी," मी म्हणाले.

"कांच नाय, वयनी."

तो उठला. परसात त्याची जुनी कावड पडली होती, ती घेतली. मी विचारलं, कुठे चाललास. "टाकी भरायची राहिली हाय," म्हणाला, जसा रोज म्हणायचा तसा. मी अडवायला हवं होतं असं लोक म्हणतात. त्या वेळी त्याचं तोंड बघवत नव्हतं मला, आणि बस एवढंच कारण आहे.

ऊन कलायला लागलं होतं, ओहोटी होती. तो विहिरीवर गेला, डबे भरले, धक्क्यावरून गाळात उतरला. धर्माजीने पाहिलं. गुडघाभर गाळात, कावड घेऊन, एक थेंब न सांडता सांगाड्याकडे चालला होता, म्हणतो.

मग भोंगा झाला. या वेळी सगळ्या आळीने ऐकला. बायका मासळी वर घ्यायला धावल्या आणि अर्ध्यावर थांबल्या.

मी आणि धर्माजी फळ्या टाकून सांगाड्यापर्यंत गेलो. गाळात महादूच्या पावलांचे खड्डे जाताना होते, येतानाचे नव्हते. आत डबे ठेवलेले, रिकामे, एकाशेजारी एक, नीट. कावड भिंतीला टेकवलेली. तो नव्हता. लपायला जागाच नव्हती तिथे. आणि ती टाकी, चाळणी झालेली, जिच्यातून आभाळ दिसायचं, ती काठोकाठ भरली होती. भोकाभोकातून पाणी दिसत होतं, पण एक थेंब बाहेर येत नव्हता.

धर्माजीने बोट बुडवून जिभेला लावलं.

"गोडं," म्हणाला.

तेवढ्यात लोखंडावर नखाची टिचकी वाजली. एकच. शेवटची.

मग टाकी सगळीकडून एकदम गळायला लागली.

९

महादू सापडला नाही. भरती आली, गेली, परत आली.

घरातलं पाणी त्या दिवसापासून गोडं आहे. दुपारी घरात आवाज होत नाही. पहिले काही दिवस मी ओटीवर पडून वाट बघायचे. आता बघत नाही. हंडा मैनाबाईला देऊन टाकला. नको नको म्हणत होती, मग घेतला.

महादू जे बोलला ते मी धर्माजीला सांगितलं होतं, आळीतही ते फिरलं होतं. त्या नारळी पुनवेला बंदर जमलं. धर्माजी नावं घ्यायला उभा राहिला. म्हणाला, "दादूच्या हातानं बोट बुडाली नाय. आता मला म्हाईत हाय. पन बोट बुडाली तर कोनाच्या तरी हातानं बुडाली. चालीनं नाव घ्यावं लागते. चंद्रे, दादूचा नारळ तुला सोडायचा तर ते नाव तूच घे."

भागी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तिचं पोर, आता चांगलं मोठं झालेलं, तिच्या पदराला धरून होतं.

"नको घेऊस नाव," ती हळूच म्हणाली. "चंद्रे, पाया पडते. त्या पान्यावर वाचलेला हाय हा."

"आणि तुझा भाऊ?"

ती पोराच्या डोक्यावर हात ठेवून रडायला लागली.

शकू मागे उभी होती. रिबीन लावली होती तिने, लाल. काकाने आणलेली. ती मला डोळ्यांनी सांगत होती, आये, नको. माझ्या एका हातात नारळ होता. दोन वर्षं ज्याच्यासाठी भांडले तो दादूचा नारळ. दुसरा हात रिकामा होता. पाण्याला दया दाखवून चालत नाही, हे आम्हा बंदरच्या लोकांना जन्मतः ठाऊक असतं. तहानलेल्या पोराला दिलेलं पाणीही कुठून तरी कमी होतं, आणि ज्याचं कमी झालं त्याला ते सांगावं लागतं. एवढंच सांगायचं राहिलं त्याचं. भरली, म्हणाला.

मी दादूचा नारळ सोडला. तो डुलत डुलत गेला, बाकीच्यांच्या मागून, घाई नसल्यासारखा. मग मोठ्याने ते दुसरं नाव घेतलं. सगळं बंदर पाठ फिरवून उभं राहिलं. मी एकटी तोंड करून उभी होते, दोन वर्षं राहिले होते तशीच.

सातपाटीवाल्यांनी परत निरोप धाडला. शकूचं लग्न झालं. ती माहेरी येते, काम करू लागते, पण माझ्याशी तोंड भरून बोलत नाही. बापाचं नाव धुतलंस, पण कुणाच्या नावाने धुतलंस, असं एकदा म्हणाली. मला राग आला नाही.

आता पूल आहे, गाड्या आहेत, रूपवती कुठली ते कुणी विचारत नाही. कधी विचारलंच कुणी, बोट कुणी बुडवली, तर लोक अजून माझ्याकडेच बोट दाखवतात, हिला विचारा. म्हणून एकदाच लिहून ठेवते. माझ्या पोरीला रिबिनी आणणारा, माझी कौलं शाकारणारा, आळीला पाणी पाजणारा, माझा धाकटा दीर, महादू.